मेथीची मुळं टाकू नका, आधी पाहा!

मेथीची जुडी निवडायला बसलं, की मुळं आपण सरळ केरात टाकतो, हो ना? उद्या एखादं मूळ हलकेच धुऊन पाहा. बारीक बारीक गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबीसर रंग असला, तर गाठ कामावर आहे म्हणून समजा! तिच्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतलं नत्र ते रोपाला पुरवतात आणि रोप त्यांना साखर देतं. वाल, तूर, भुईमूग, सगळ्यांच्या घरचा हाच कारभार. (गाठी दिसल्या नाहीत, तर भाजीवालीशी भांडू नका बरं का! शेताला युरिया भरपूर मिळाला, तरी रोप गाठी धरत नाही.)

हे सारं मला कळलं ते परसातल्या वालापायी. वालावर मावा पडला आणि मी दर आठवड्याला कीटकनाशक भुकटी मारू लागले. थोडी पानांवर, बाकीची आळ्यात. मावा गेला. पुढच्या वर्षीचा वाल मात्र पिवळट, आणि उपटून पाहिला तर मुळं अगदी कोरी! सारा दोष भुकटीचाच असं नाही म्हणत मी. आळ्यात पाणीही साचत होतं. पण माझा हात सढळ होता, हे खरं.

वालासारखी रोपं मुळांतून जिवाणूंना जणू सांगावा धाडतात. डीडीटी, मिथाइल पॅराथिऑन यांसारखी रसायनं त्या सांगाव्यात अडथळा आणतात आणि गाठी कमी धरतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली लसूणघासावरच्या प्रयोगांतून दाखवलं. आपल्याकडे शेतीत डीडीटी वापरायला १९८९ पासून बंदी आहे.

सगळीच औषधं सारखी वाईट नसतात. काहींना तर मातीतले जिवाणूच खाऊन संपवतात. मोरचुदाचं तसं नाही. द्राक्षांवर, कोकणात सुपारीवर मारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो. त्यातलं तांबं कुजत नाही, विरत नाही. वर्षानुवर्षं मातीच्या वरच्या थरात साठत जातं. गांडुळांना, सूक्ष्मजीवांना ते सोसत नाही. मग शेणखत घालूनही ते कुजवणारेच कमी! पंगत बसलेली आणि वाढपी गायब, अशी गत.

तेव्हा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी बोळ्याने पुसा, साबणाचं सौम्य पाणी मारा. औषध मारावंच लागलं, तर कुंडीतल्या मातीवर जुनं वर्तमानपत्र पसरा. उरलेलं औषध कुंडीत ओतू नका. वालाच्या बियांना बुरशीनाशक आणि रायझोबियम दोन्ही लावायचं असेल, तर बुरशीनाशक आधी. बी सावलीत सुकलं, की जिवाणू अगदी शेवटी, पेरायच्या वेळी.