नावाचे पहिले अक्षर

परळ-लालबागच्या चाळींतून, मराठी शाळांतून शिकून आलेल्या मुलामुलींना प्रथम वर्षाला इंग्रजी शिकविताना एक चूक दरवर्षी आढळते. पहिली लिपी कोठे वापरावी आणि दुसरी कोठे, याचा त्यांचा गोंधळ होतो. टीचर, एज्युकेशन, सोसायटी हे शब्द वाक्याच्या मध्ये आले तरी मोठ्या अक्षराने लिहिले जातात. दलित आणि बुद्धिस्ट हे शब्द मात्र लहान अक्षराने. कारण विचारले तर सांगतात, "सर, आदर दाखवायला मोठे अक्षर लावले." म्हणजे आदर साऱ्या जगाला, आणि स्वतःच्या वाट्याला लहान अक्षर! ही केवळ व्याकरणाची चूक आहे असे मला वाटत नाही.

या चुकीचे एक कारण आपल्या भाषेत आहे. देवनागरीत मोठे आणि लहान असे अक्षरांचे दोन वर्ग नाहीत. आदर आपण क्रियापदातून दाखवितो. 'बाबासाहेब आले' म्हटले की पुरे होते. ही सवय घेऊन विद्यार्थी इंग्रजीकडे जातो आणि मोठे अक्षर हे आदराचे चिन्ह समजतो. ईश्वराविषयीच्या सर्वनामासारखे काही अपवाद सोडले तर इंग्रजीत तसे नाही. तेथे मोठे अक्षर प्रामुख्याने एवढेच सांगते, की हे नाव आहे, नुसते वर्णन नव्हे.

हे एकदा ध्यानात आले की बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. वाक्याचे पहिले अक्षर मोठे, आणि 'मी' या अर्थाचा 'आय' कोठेही आला तरी मोठा, हे दोन नियम वेगळे लक्षात ठेवावेत. बाकी सारे नावाच्या तत्त्वातून निघते. व्यक्ती, गाव, संस्था, वार, महिने, भाषा, धर्म, राष्ट्र ही नावे, म्हणून मोठे अक्षर. उन्हाळा, पावसाळा या ऋतूंना लहान. प्रोफेसर हा शब्द कोणाच्या नावाआधी आला तर मोठा, नुसता धंदा सांगत असेल तर लहान. लहान पी-चा पँथर जंगलात असतो. मोठ्या पी-चा पँथर १९७२ साली मुंबईत उभा राहिला. लहान आर-चा रिपब्लिकन म्हणजे प्रजासत्ताक मानणारा कोणीही. मोठ्या आर-चा म्हणजे १९५७ साली स्थापन झालेल्या पक्षाचा माणूस.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे निवेदने देताना सभेचे इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट' असे दिले होते. 'डिप्रेस्ड' म्हणजे दडपलेले. लहान अक्षरात ते दैन्याचे वर्णन. मोठ्या अक्षरात ती राज्यकर्त्यांपुढे हक्क मागणारी संस्था. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेब 'अनटचेबल्स' हा शब्द मोठ्या यू-ने लिहितात. त्यात गौरव नाही. हा एक स्वतंत्र समाज आहे, त्याचा राजकीय हिशेब वेगळा मांडावा लागेल, हे त्यात आहे.

राज्यघटनेचे इंग्रजी पान उघडून पाहावे. 'शेड्यूल्ड कास्ट्स' मोठ्या अक्षरांत आहे, कारण ३४१ व्या अनुच्छेदाखाली निघणाऱ्या निश्चित यादीचे ते नाव आहे. १६ (४) मधील 'बॅकवर्ड क्लास' लहान अक्षरांत आहे, कारण ते वर्णन आहे. १७ वा अनुच्छेद तर मुद्दाम वाचावा. त्यातील दुसऱ्या वाक्याच्या मध्ये आलेली 'अनटचेबिलिटी'सुद्धा मोठ्या यू-ने आणि अवतरणचिन्हांत आहे. कोणी कोणाला शिवले नाही, एवढाच तिचा शब्दशः अर्थ नव्हे. या देशात जातीवरून चालत आलेली ती विशिष्ट रूढी. तिला नाव देऊन घटनेने ती नष्ट केली. गुन्ह्यालाही नाव द्यावे लागते, तेव्हाच तो पकडता येतो.

अमेरिकेतही याच अक्षरावरून झगडा झाला. १९४६ साली बाबासाहेबांचा ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, ते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस 'निग्रो' शब्दाला मोठे एन मिळावे म्हणून कित्येक वर्षे झगडत होते. आपल्या १८९९ च्या ग्रंथातच त्यांनी तो आग्रह नोंदविला होता. न्यूयॉर्क टाइम्सने ते मान्य केले १९३० साली. पुढे त्या समाजाने तो शब्द टाकून 'ब्लॅक' हा शब्द स्वीकारला, आणि त्याला मोठे बी देण्यास याच वृत्तपत्राला २०२० साल उजाडावे लागले. लहान बी-चा ब्लॅक म्हणजे कातडीचा रंग. मोठ्या बी-चा म्हणजे इतिहास असलेला समाज.

'दलित' शब्दाचेही तसेच आहे. मराठीत तो विशेषण म्हणून आला आणि चळवळीने त्याचे नाव केले. इंग्रजीत तो लहान डी-ने लिहिला की पुन्हा 'तुडविलेला' एवढाच अर्थ उरतो. म्हणून निबंधात, अर्जात, पत्रकात तो मोठ्या डी-ने लिहावा, आणि एकाच मजकुरात एकदा मोठा, एकदा लहान असे करू नये. आदिवासी, बुद्धिस्ट, महार, मांग, चांभार यांनाही तोच नियम. तसाच तो ब्राह्मण आणि मराठा यांनाही लागू आहे. रागाच्या भरात त्यांचे अक्षर लहान करणारे विद्यार्थीही मला भेटतात. त्यांना मी सांगतो, की आपण सवलत मागत नाही, नियम मागतो. आणि नियम सर्वांना सारखाच असला पाहिजे.