पलटणीचा लोखंडी टोप

रत्नागिरी, खेड, दापोलीच्या कौलारू घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पलटणीत गेली. अशा घरी पोटमाळ्यावर एखादा पसरट, परातीसारखा लोखंडी टोप सापडला, की तो ‘पहिल्या महायुद्धातला, पणजोबांचा’ असं सहज म्हटलं जातं.

जाणकार संग्राहक लगेच मान डोलवत नाही. तो टोप उलटा करतो.

या शंकेला आधार आहे. जॉन ब्रॉडी यांनी या टोपाचं पेटंट घेतलं १९१५ मध्ये, आणि फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेला तो मोठ्या संख्येने मिळाला १९१६ मध्ये. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातलं कुत शहर तुर्कांच्या वेढ्यात पडलं, तेव्हा तिथे अडकलेल्या मराठा पलटणींपाशी पोलादी टोप नव्हतेच. म्हणून माळ्यावरचा टोप दुसऱ्या महायुद्धातला असण्याचीच शक्यता जास्त.

खरी साक्ष आतून मिळते. पहिल्या नमुन्याचं अस्तर माथ्याला रिव्हेटने ठोकलेलं असे. १९३८ च्या ‘मार्क टू’मध्ये ते स्क्रूने बसवलं जाऊ लागलं आणि हनुवटीच्या पट्ट्याला स्प्रिंगचा ताण आला. पण इथेच फसगत होते. पहिल्या युद्धातल्या कित्येक टोपांना १९३० च्या दशकाअखेरीस नवं अस्तर लावून पुन्हा वापरात आणलं गेलं. त्यामुळे कवच आणि अस्तर यांचं वय वेगवेगळं ठरवावं लागतं.

मग खिशातलं लोहचुंबक निघतं. यातले बहुतेक टोप ज्या ‘हॅडफिल्ड’ मँगनीज पोलादाचे बनत, त्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर टोप नकली असेलच असं नाही, कारण युद्धकाळात साध्या पोलादाचेही टोप बनले. पण मग बाकीच्या खुणा दुप्पट काळजीने पाहाव्या लागतात. पट्ट्याच्या कडीजवळ, काठाच्या आतल्या बाजूला कारखान्याची अक्षरं आणि कित्येकदा सालही ठोकलेलं असतं. टॉर्च तिरपा धरला की रंगाखालूनही ते उमटतं.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजतं, आणि घरचे प्रेमाने सँडपेपर घेऊन बसतात. यासारखं नुकसान दुसरं नाही! आतल्या रंगावर कुणी नाव किंवा नंबर लिहिला असेल, तर गंजाबरोबर तोही जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, टोप कोरड्या जागी ठेवावा, एवढंच. तो नंबर शाबूत असला तर घरातलं पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद काढून ताडून पाहता येतो, आणि टोप पणजोबांचा की आजोबांचा, हे तिथे कळू शकतं.