कॅमेऱ्यासाठी उगारलेला कोयता

फर्स्ट शिफ्टची बस पकडायला माणसं साडेपाचलाच घराबाहेर पडतात. त्या दिवशी आमच्या गल्लीतली माणसं बाहेर पडली आणि तिथेच थबकली. चपलांखाली काच करकरत होती. रांगेने उभ्या रिक्षा, दोन टेम्पो, समोरच्या बाईंनी हप्त्यावर घेतलेली छोटी मोटार, सगळ्यांच्या पुढच्या काचा फुटलेल्या. चोरी काही नव्हती. एका रिक्षातला टेपसुद्धा जागेवर होता. शेजारचे रिक्षावाले काका सीटवरचा चुरा छोट्या झाडूने वहीच्या पुठ्ठ्यावर गोळा करत होते. विमा थर्ड पार्टीचा, त्यात स्वतःच्या गाडीची काच येत नाही. म्हणजे दिवसाचा धंदा गेला, वर काचेचा खर्च.

तेवढ्यात त्यांचा पुतण्या मोबाइल घेऊन आला. ‘‘काका, आलं बघा.’’ कोपऱ्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीतलं चित्रण कुणीतरी उचललं होतं आणि त्यावर दणदणीत गाणं चढवलं होतं. इकडे काचा झाडून व्हायच्या होत्या, तिकडे त्या फुटण्याला ठेका मिळाला होता. काकांनी ते दोनदा पाहिलं. मग विचारलं, ‘‘ह्यात माझी कितवी?’’

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला ही बातमी नवी नाही. ‘दहशत माजवण्यासाठी वाहनांची तोडफोड’ हा मथळा इथल्या वाचकाला तोंडपाठ आहे. त्यातला ‘साठी’ मात्र नीट वाचायला हवा. गाडीमालकाशी तोडफोड करणाऱ्या पोरांचं काही वैर नसतं, बहुतेक वेळा ओळखही नसते. दहशत माजायची तर ती कुणीतरी पाहावी लागते. रात्री दोन वाजता गल्लीत पाहायला कुणी नसतं, कॅमेरा असतो. कोपऱ्यावरचा सीसीटीव्ही चोराला धाक म्हणून बसवला. आता काही जण त्याच्याकडे बघूनच कोयता फिरवतात.

सिनेमा पोरांना बिघडवतो, ही तक्रार सिनेमाइतकीच जुनी आहे. तिचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं येतं. पण आपल्या भागात तो प्रश्नच आता उलटा झाला आहे, असं मला वाटतं. पडदा मुलाचं काय करतो, एवढंच विचारून भागत नाही. मूल पडद्यासाठी काय करायला लागलंय, तेही विचारावं लागतं.

पूर्वी घटना आणि पडदा यांच्यात अंतर असायचं. १९७६-७७ मध्ये पुण्यात अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडलं. दहा खून. संध्याकाळी सातनंतर शहरात दारं बंद होत, ही आठवण त्या पिढीचे लोक आजही सांगतात. चौघा आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यावर बेतलेला राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली आला. खून ते चित्रपट, मध्ये दहा वर्षं. त्या काळात खटला चालला, शिक्षा झाली, लोकांनी चवीने चर्चाही केली, पण गुन्हेगार कोण आणि नट कोण याचा घोळ कुणाच्या डोक्यात नव्हता. अनुराग कश्यपचा ‘पाँच’ याच प्रकरणावरून सुचलेला. तो सेन्सॉरच्या कचाट्यात सापडला आणि चित्रपटगृहात आलाच नाही. आमच्या काकांची काच फुटली आणि तिचं ‘रिलीज’ झालं, यात फार तर तीन तास गेले. इथे ज्याने कोयता फिरवला तोच नट, कोपऱ्यावरचा सीसीटीव्ही छायालेखक आणि वितरक आपण सगळे.

या दोन टोकांच्या मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ उभा आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला प्रवीण तरडे यांचा हा चित्रपट लागला. हिंजवडी मुळशी तालुक्यातलीच, आणि तिचं पोलीस ठाणं या नव्या आयुक्तालयात. त्यामुळे आमच्याकडे तो ‘आपला पिक्चर’ म्हणून पाहिला गेला. गोष्ट खरी तर रडवणारी. जमीन विकलेला बाप आधी पहारेकरी होतो, मग मार्केट यार्डात हमाल. मोहन जोशींनी तो बाप असा केलाय की विकलेल्या सातबाऱ्याची आठवण असलेला माणूस खुर्चीत नीट बसू शकत नाही. ओम भुतकरने रंगवलेला पोरगा गुन्हेगारीत वर चढतो आणि शेवटी कुत्र्याच्या मौतीने मरतो. जमिनी विकू नका, पोरांनो असले धंदे करू नका, हे चित्रपट जवळजवळ ओरडून सांगतो.

पण वरातीत वाजलं ते त्यातलं गाणं. रीलवर चढली ती चाल, मान तिरकी करून बघणं, गाडीतून उतरणं. हमाल बापाची रील मी आजवर पाहिली नाही. शेवटची तर नाहीच नाही. यात तरड्यांचा दोष किती, यावर इथल्या कट्ट्यांवर पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर चित्रपट प्रामाणिक आहे, पण कॅमेरा त्या पोरावर भाळलेला आहे. बापाकडे तो दयेने बघतो आणि पोराकडे खालून वर, कौतुकाने. चौदा-पंधराच्या वयात दया कुणाला हवी असते?

इथे अल्बर्ट बंडुराची आठवण होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बदडताना दाखवलं. नंतर मुलं दुसऱ्या खोलीत गेली तेव्हा त्यांनी तिथल्या बाहुलीला तसंच बदडलं, तशाच हातोडीने, तोंडाने तेच शब्द म्हणत. हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. त्याचा १९६५ चा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्यात काही मुलांना मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झालेली दाखवली. ती मुलं कमी मारकुटी निघाली. सगळ्यांना हायसं वाटलं असणार. मग बंडुराने त्यांना सांगितलं, त्या माणसाने काय केलं ते करून दाखवलंत तर खाऊ मिळेल. तेव्हा त्यांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही धडा पाठ होताच, फक्त अजून कुणी बक्षीस लावलं नव्हतं.

आता बक्षीस म्हणजे लाइक. भाईच्या वाढदिवसाला केक तलवारीने कापतात, तो सुरी नव्हती म्हणून नव्हे. ते चित्रण शेवटी पोलिसांच्याही मोबाइलवर पोहोचतं आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. इतका स्वतःहून दिलेला पुरावा पोलिसांना पूर्वी कधी मिळाला नसेल. या पोरांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांच्या नावापुढे ३०२ आणि ३०७ हे आकडे असतात, खून आणि खुनाचा प्रयत्न यांची जुन्या दंड संहितेतली कलमं. गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम आता १०३ आहे आणि प्रयत्नाचं १०९. पोरं अजून जुनेच आकडे लावतात. त्यांचा कायद्याशी संबंध तेवढाच, सिनेमातून आलेला.

यावर पुण्या-पिंपरीत निघालेला उपाय लोकांना फार आवडतो. पकडलेल्या पोराला त्याच्याच भागातून चालवत नेतात, तो लंगडत, हात जोडत माफी मागतो आणि याचीही रील होते. आधी कोयतावाला भाई, मग ठेका बदलतो, मग लंगडणारा भाई. खाली टाळ्यांचा पाऊस. पहाटे उठून काचा झाडलेल्या माणसाला ते पाहून बरं वाटतं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भाषा तीच आहे. कॅमेऱ्यासमोर कोण कुणाला नमवतो, एवढाच दोन्ही रीलचा विषय. आणि ज्याला गल्लीत कुणी ओळखत नव्हतं, त्याचा चेहरा आता शहराला पाठ होतो. बंडुराची शिक्षा पाहिलेली मुलं इथे पुन्हा आठवतात.

ही पोरं कुठून आली? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. पुढे पट्टा चाकणपर्यंत पसरला. पहिल्या पिढीला कायम नोकरी, कॅन्टीन आणि दिवाळीचा बोनस मिळाला. त्या माणसाला चौकात ‘हवा’ करण्याची गरज नव्हती, कंपनीचा बिल्ला पुरत होता. आजचा बाप ठेकेदाराकडे. सात-आठ महिन्यांनी ब्रेक, मग नवा गेटपास. तो नाइट करून घरी येतो तेव्हा पोरगं शाळेत आणि आई कामाला गेलेली. पोरगं परत येतं तेव्हा तो झोपलेला. दोघांची भेट रविवारी. मधल्या वेळात पोराला कोण बघतं? मोबाइल. आणि पोरगं मोबाइलमधून कुणाला दिसतं? हजारोंना. गरिबीमुळे गुन्हा घडतो असं सरसकट म्हणणं त्याच वस्तीतल्या बाकीच्या शंभर पोरांवर अन्याय आहे, ती सकाळी आयटीआयला जातात. पण दिसण्याची भूक मोठी असते आणि ती भागवायचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग झालाय.

सिनेमा आणि रीलसोबत मोबाइलवरच्या गेमलाही दोष दिला जातो, पण गेमबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० साली स्पष्ट केलं, की हिंसक व्हिडिओ गेममुळे ओरडणं, ढकलणं अशा किरकोळ आक्रमकतेत थोडी वाढ दिसते, पण खुनाखुनीचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. त्याआधी २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, त्यात असा संबंध सापडलाच नाही. जुलै २०२४ मध्ये आमच्याच शहरातल्या किवळ्यात एका शाळकरी मुलाने आयुष्य संपवलं. त्याच्या वह्यांत गेमसारख्या आकृत्या आणि सांकेतिक मजकूर सापडला. तपास सुरू होत होता तोवर अख्ख्या शहराने गेमचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. त्या पानांचे फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरले, माझ्याही. अशा वेळी शेवटचं लिखाण आणि पद्धत यांचे तपशील दाखवू नयेत, कारण त्याच मनःस्थितीतलं दुसरं मूल ते बघत असतं, हे जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना कधीपासून सांगते आहे. ही सूचना वर्तमानपत्रांसाठी होती. आता ती प्रत्येक आत्या-मावशीला लागू आहे, आणि त्यांच्यापर्यंत ती कुणी पोहोचवलेली नाही. बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सरकारने चालू ठेवला आहे, तो फोटोंइतका फिरला असता तर बरं झालं असतं.

हिंसा पाहून सगळेच काही हात उचलत नाहीत. बहुतेक जण नुसते घाबरतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज गर्बनरने टीव्हीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हेच सांगितलं. फार टीव्ही पाहणाऱ्याला जग आहे त्याहून दुष्ट वाटू लागतं. असा माणूस दाराला आणखी एक कडी लावतो आणि कडक उपाय करणाऱ्यावर लगेच विश्वास टाकतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्याच राज्यातली मारामारी ‘आपल्या चौकातली’ म्हणून येते आणि तासाभरात क्लासला जाणाऱ्या मुली घरी बसवल्या जातात.

भीती किती जीवघेणी असते ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे व्हिडिओ आणि निरोप आधीपासून मोबाइलवर होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या जमावात कुणी ‘भाई’ नव्हता. बाजाराला आलेली साधी माणसं होती, आपण आपली पोरं वाचवतो आहोत अशी त्यांची खात्री होती. आणि तिथेही मारताना मोबाइल वर धरलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल, अशी मर्यादा आणली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा इथे फारसा उपयोग नाही. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांना सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे वेगळे दाखले आले. ओटीटीला तशा पायऱ्या २०२१ च्या नियमांनीच लावल्या होत्या. एके काळी टॉकीजच्या दारातला डोअरकीपर ‘ए’ दाखल्याच्या पिक्चरला मिसरूड न फुटलेल्या पोराला कॉलर धरून बाहेर काढायचा. तो डोअरकीपर मोबाइलला नाही. आणि पोराने स्वतः काढलेल्या रीलला दाखला कोण देणार?

मागे शनिवारी चाकणच्या बाजारात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड, बाई घण मारते आहे, म्हातारा सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर फिरवतो आहे. पुढ्यात विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि चार कोयते. ऊसतोडीच्या टोळीत ‘एक कोयता’ म्हणजे एक नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती त्या हिशेबाने, आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. म्हाताऱ्याचं निम्मं गिऱ्हाईक तेच. मी खुरप्याला दांडा बसवून घेत होतो. एक पोरगा आला, सतराच्या आत-बाहेरचा, केस एका बाजूने तासलेले. त्याने कोयता उचलला, पण धारेवर अंगठा फिरवला नाही. उन्हात धरून तिरका केला.

‘‘ह्याला चकाकी येईल का?’’

‘‘धार लावून देतो की.’’

‘‘धार नको. चमकला पाहिजे.’’

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघून ठेवा, असं पुण्यात पोलिसांनी २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावलं होतं, ते इथवर आलं असावं. बाईने घण खाली टेकवला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, ‘‘आधार हाय का, बाळा? आन् ऊस कुठंय तुजा?’’

पोरगा हसला, कोयता ठेवला आणि गर्दीत गेला. बाईने चारही कोयते उचलून पोत्याखाली सरकवले आणि भात्यावर बसलेल्या नातवाला म्हणाली, ‘‘तू फोन ठेव आन् हवा मार.’’