किर्लोस्कर नाटक मंडळी : नटसंच आणि परंपरा

नाटक मंडळीचे आयुष्य तिच्या प्रमुख नटाच्या आयुष्याहून दीर्घ असू शकते काय, या प्रश्नाचा विचार करताना किर्लोस्कर नाटक मंडळीचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग करून अण्णासाहेब किर्लोस्करांनी तिचा पाया घातला. आरंभीच्या नटसंचात मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर हे गायक नट प्रमुख होते. १८८२ साली भाऊराव कोल्हटकर येऊन मिळाले आणि त्याच वर्षी ‘सौभद्रा’तील सुभद्रेच्या भूमिकेने मंडळीची कीर्ती सर्वतोमुखी झाली.

१८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. तथापि मंडळी मोडली नाही. देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) तिला नवे नाटक दिले. १९०१ साली भाऊराव गेले. १९०५ साली बालगंधर्व आले, आणि सुभद्रेची भूमिका नव्या कंठाला मिळाली. नट गेला तरी भूमिका, पदे व चाली मंडळीपाशीच राहत. हेच तिच्या चिवटपणाचे मर्म होय.

या काळात मंडळीचे स्थान केवढे होते, याची साक्ष नाशिक देते. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात ‘शारदे’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. शहरातील अधिकारी व प्रतिष्ठित नागरिक ज्या प्रसंगी एकत्र येत, तो प्रसंग संगीत नाटकाचा होता.

१९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ गोविंदराव टेंबे यांच्या चालींनिशी गाजले. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले; त्यांची धैर्यधराची भूमिका टेंब्यांनी उचलली. हाही आघात मंडळीने पचविला.

१९१३ सालची फूट मात्र निराळ्या जातीची होती. बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. मृत्यूने एकेक नट नेला होता. फुटीने नट व संगीतकार एकदमच गेले, आणि पुढे नाटककारही तिकडेच वळला. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ (१९१६) नव्या मंडळीने रंगभूमीवर आणले. दीनानाथ मंगेशकरांच्या गायनाने मूळ मंडळीस काही काळ आधार मिळाला. परंतु १९१८ साली तेही निघाले व बलवंत संगीत मंडळी उभी राहिली.

सारांश, नटसंच पालटल्याने मंडळी क्षीण होत नाही; नव्या नाटकाचा झरा दुसरीकडे वळला म्हणजे ती क्षीण होते. परंपरा मात्र लोपली नाही. ‘सौभद्र’ आणि ‘शारदा’ मूळ मंडळीच्या पश्चातही रंगभूमीवर नांदत राहिली.