शत्रूच्या हाती पत्ता

शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर पाकिस्तानच्या अणुबॉम्बचा विषय निघाला की चहा गार होतो. ‘आधी त्यांची भट्टीच उडवायची,’ असं कुणीतरी म्हणतंच. तसं करायचं नाही असा लेखी करार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत इस्लामाबादेत त्यावर सह्या झाल्या. २७ जानेवारी १९९१ला तो लागू झाला.

एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, दुसऱ्या कुणाला त्यासाठी मदतही करायची नाही. ही केंद्रं नेमकी कोणती हे कळावं म्हणून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्या दिल्या जातात. त्यात अणुभट्ट्या, इंधन बनवणारे आणि युरेनियम समृद्ध करणारे कारखाने, शिवाय प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश! ज्याची भीती, त्यालाच घराचा पत्ता. याद्या जाहीर होत नाहीत. पण करारातली व्याख्या पाहता आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र त्यात असणारच.

बॉम्ब कमी करण्याबद्दल या करारात अवाक्षर नाही. तरीही संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर उभी होती, तेव्हा १ जानेवारी २००२लाही याद्या गेल्या. १९९२ पासून एकही वर्ष चुकलं नाही. २०२५ची देवाणघेवाण चौतिसावी होती.