साष्टीतील परदेशी पुराणिक

आज नाताळ. या दिवशी हरिदासाने कोणाचे चरित्र सांगावे, असा प्रश्न भाविक वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. मी ज्यांचे चरित्र निवेदन करणार आहे ते जन्माने इंग्रज, धर्माने ख्रिस्ती आणि दीक्षेने जेझुइट पाद्री होते. परंतु त्यांनी केलेले कार्य मात्र आमच्याच परंपरेतले, पुराणिकाचे. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या अमदानीत कॅथलिक पंथीयांचा छळ होत असे. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांना या निष्ठेपायी कित्येक वर्षे कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ मध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबतात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. तेथून पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, गोमंतक हीच त्यांची कर्मभूमी होती. त्यांतला बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला.

त्या साष्टीची तेव्हाची अवस्था सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील शेकडो देवळे जमीनदोस्त केली होती. केळशीची शांतादुर्गा, कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, ही दैवते भाविकांनी उराशी धरून जुवारी नदीपलीकडे अंत्रूज महालात नेली. ज्यांना जाता आले नाही त्यांच्या गळ्यात नवा धर्म पडला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांचा क्षोभ अनावर होऊन पाच जेझुइटांचा वध झाला. आणि पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्वदेशी ज्यांच्या पंथाचा छळ झाला, ते स्टीफन्स येथे छळ करणाऱ्या सत्तेच्या छत्राखाली वावरत होते. दैवाची ही गती विचित्र खरी. पण ती झाकून त्यांचे गुणगान करणे मला रुचत नाही.

तथापि याच पुरुषाने आपला कान या भूमीच्या वाणीकडे लावला. १५८३ मध्येच बंधूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतच्या संबंधात हा विचार विद्वत्सभेत मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोन शतकांनंतर. स्टीफन्स यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे मुद्रित झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

परंतु त्यांचे चिरंतन स्मारक म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. या ग्रंथाचा जन्म कसा झाला, हे मला त्यातील सर्वांत हृद्य प्रकरण वाटते. देवळे गेली, पोथ्या गेल्या, कथा बंद झाल्या. पण पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकत आलेला कान कोणास काढून नेता येणार? आमच्या जुन्या पुराणांना बंदी केलीत, तर त्यांच्या जागी तशाच रीतीचे काही आम्हांस द्या, अशा अर्थाची विनंती ग्रंथाच्या आरंभी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या तोंडी आहे. केवढे हे दुःख, आणि केवढी ही श्रवणाची तहान! स्टीफन्स यांनी ती ओळखली. परकी प्रार्थना पाठ करून घेऊन ते थांबले नाहीत. ज्ञानदेवांच्या आणि एकनाथांच्या ओवीला शरण गेले.

नाथमहाराज १५९९ मध्ये समाधिस्थ झाले. म्हणजे पैठणास नाथांची वाणी घुमत होती तेव्हा हा परदेशी साधक साष्टीत मराठीची अक्षरे गिरवीत होता. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचा ग्रंथ छापून निघाला. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड, ही ओवीची ठेवण त्यांनी निष्ठेने राखली. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. मराठीची थोरवी गाताना त्यांना कस्तुरी, मोगरी, मयूर आणि कल्पतरू आठवले. मूर्तिपूजेचा त्यांनी केलेला निषेध आम्हांस कदापि मान्य होणार नाही. परंतु मातृभाषेचे असे कौतुक करणाऱ्या परकीयापुढे मस्तक लवते.

पुढचा इतिहास उद्बोधक आहे. देवनागरी खिळ्यांअभावी हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्याच वापरावर बंदीचे फर्मान काढले. ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण जन्मले तीच पुराणाच्या वाणीवर उठली. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

वाचकहो, कथेचे अर्धे श्रेय वक्त्याचे आणि अर्धे श्रोत्याचे, असे आम्ही हरिदास मानतो. ख्रिस्तपुराणाचेही अर्धे श्रेय त्या निनावी साष्टीकरांना दिले पाहिजे, ज्यांनी सर्वस्व गमावल्यावरही मागितले ते पुराणच. महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांची कुलदैवते आज कवळ्याला, मंगेशीला, म्हार्दोळला आहेत. दर्शनास जाल तेव्हा नदीपलीकडच्या राशोलचेही क्षणभर स्मरण करा. देव नदी ओलांडून अलीकडे आले. ओवी मात्र मागे राहिलेल्यांच्या सोबतीला तिकडेच थांबली. इत्यलम्.