एका दुरुस्तीची चाळीस वर्षे

मे १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन मॉस्कोला जाऊन अण्वस्त्रांना लगाम घालणाऱ्या करारांवर सह्या करून आले. ऑक्टोबरात व्यापार करारही झाला. महायुद्धातल्या मदतीच्या जुन्या बाकीपोटी सोव्हिएत संघाने ७२.२ कोटी डॉलर द्यायचे आणि अमेरिकेने त्याच्या मालावरची जकात इतर देशांइतकी खाली आणायची, असा सौदा ठरला. मात्र जकात ठरवण्याचा अधिकार अमेरिकी घटनेने काँग्रेसकडे ठेवलेला. सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी नेमका तोच धागा पकडला.

जॅक्सन डेमोक्रॅट, पण सोव्हिएत संघाच्या बाबतीत निक्सनपेक्षा कडवे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोने देश सोडू पाहणाऱ्या उच्चशिक्षितांवर जबर कर बसवला होता; त्याची झळ मुख्यतः ज्यूंना लागली. जॅक्सन आणि प्रतिनिधिगृहातले चार्ल्स व्हॅनिक यांची व्यापार विधेयकावरची दुरुस्ती सरळ होती: माणसांना बाहेर पडू देत नसाल तर सवलत विसरा. निक्सन यांचे परराष्ट्र धोरण सांभाळणारे किसिंजर वैतागले. पण सप्टेंबर १९७३ मध्ये सोव्हिएत अणुशास्त्रज्ञ आणि सत्तेचे टीकाकार साखारोव्ह यांनी खुद्द मॉस्कोतून काँग्रेसला खुले पत्र लिहून दुरुस्तीची पाठराखण केली, आणि डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने ती ३१९ विरुद्ध ८० मतांनी मंजूर केली.

निक्सन पायउतार झाले, फोर्ड अध्यक्ष झाले. १८ ऑक्टोबर १९७४ रोजी किसिंजर-जॅक्सन पत्रव्यवहारातून तडजोड झाली. त्याच दिवशी जॅक्सन व्हाइट हाउसमध्येच पत्रकारांसमोर उभे राहून देश सोडण्याच्या वर्षाला ६० हजार परवान्यांचा आकडा सांगून मोकळे झाले. अध्यक्षपदाची निवडणूक डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला गप्प बसणे जड जाते. आठवड्याभरात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी किसिंजर यांना पत्राने कळवले की असे कोणतेही आश्वासन आम्ही दिलेले नाही. ते पत्र किसिंजर यांनी जाहीर केले नाही. १३ डिसेंबरला सिनेटने दुरुस्तीच्या बाजूने मतदान केले. पाच दिवसांनी सोव्हिएत वृत्तसंस्था तासने ते पत्र प्रसिद्ध केले. दोष जॅक्सन यांच्या माथी मारण्याची रीत आहे. मला ते न दाखवलेले पत्र जास्त खटकते.

त्यातच काँग्रेसने सोव्हिएत संघाला द्यायच्या सरकारी कर्जावर चार वर्षांसाठी ३० कोटी डॉलरची मर्यादा घातली. मॉस्कोला जकातीपेक्षा हेच अधिक झोंबले असावे. ३ जानेवारी १९७५ रोजी फोर्ड यांनी व्यापार कायद्यावर सही केली आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघाने १९७२ चा व्यापार करार झुगारला. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते. १९७५ मध्ये जेमतेम १३ हजार.

कायद्यात अध्यक्षांना वर्षावर्षाची सूट देण्याची मुभा होती. याच अटीखाली येणाऱ्या चीनला ती १९८० पासून मिळत गेली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विरला, तरी दुरुस्ती रशियाला चिकटून राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये काँग्रेसने ती काढली खरी, पण त्याच विधेयकात रशियन कोठडीत मरण पावलेल्या मॅग्निट्स्की यांच्या प्रकरणातल्या रशियन अधिकाऱ्यांवर नवे निर्बंध घालून.